समुद्राजवळ जागा घ्यायचीय किंवा जुनं घर बांधायचंय? आधी भरतीरेषा शोधा, मग भावाचं बोला

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जा, "बीच टच प्लॉट", "सी व्ह्यू एनए" (एनए म्हणजे बिगरशेती), "सीआरझेड फ्री" असल्या पाट्या रस्त्याकडेला दिसतातच, आणि लोक वीकेंडला जातात, सूर्यास्त बघतात, टोकन देऊन मोकळे होतात आणि मग सावकाश विचारतात की अहो हे सीआरझेड म्हणजे नक्की काय असतं (कोस्टल रेग्युलेशन झोन, समुद्र-खाडीकाठचा बांधकामावर बंधनं असलेला पट्टा). दुसऱ्या बाजूला गावातली माणसं, ज्यांची वाडी आजोबा-पणजोबांपासून पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, लागून आहे, त्यांना साधं पडकं घर परत उभं करायचं तर ऐकायला मिळतं "सीआरझेडमध्ये आहे, होणार नाही", आणि हे उत्तर बऱ्याचदा अर्धंच खरं असतं. दोघांना उपयोगी पडेल असं एकत्र लिहितोय. कोकणातल्या ग्रामीण किनाऱ्याबद्दल मुख्यतः, मुंबईचं गणित बरंच वेगळं आहे त्यामुळे ते फक्त येताजाता.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. समुद्राजवळच्या जमिनीत मालकी वेगळी आणि वापराचा हक्क वेगळा. सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहतं, शेतसाराही तुम्हीच भरता, पण त्या जागेवर काय करता येईल हे भरतीची रेषा कुठे आहे त्यावर ठरतं, आणि ही रेषा कायमची एका जागी बसून राहत नाही. समुद्र आत सरकला की नव्या नकाशात रेषाही आत येते, तुमचा हक्क त्या प्रमाणात आकसतो.

थोडा कायदा, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल

१९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं, भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा म्हणून. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ ला पहिली सीआरझेड अधिसूचना आली, मग ६ जानेवारी २०११ ची, आणि आता १८ जानेवारी २०१९ ची. यातली १९ फेब्रुवारी १९९१ ही तारीख कुठेतरी लिहून ठेवा, जुन्या घराच्या बाबतीत ती सारखी लागते.

"माझी जमीन आहे, मला अडवणारे हे कोण" हा प्रश्न नैसर्गिक आहे. पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क राहिलेला नाही, तो कलम ३००अ खाली आहे, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय सरकार तुमची मालमत्ता काढून घेऊ शकत नाही एवढं संरक्षण आहे. सीआरझेडमध्ये जमीन काढून घेतच नाहीत, फक्त वापरावर बंधन येतं, त्यामुळे सहसा भरपाईही मिळत नाही. कटू आहे पण हेच आहे.

अजून एक कलम कुणी सांगत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे समुद्राचा, बंदराचा, खाडीचा भरतीरेषेखालचा तळ सरकारच्या मालकीचा आहे. म्हणजे तुमच्या वाडीचा समुद्राकडचा पट्टा पाण्याखाली गेला की वापराचा सोडा, मालकीचाच प्रश्न उभा राहतो.

पहिलं काम: नेहमीचे कागद, पण किनाऱ्याच्या नजरेने

सातबारा, आठ अ, फेरफार, गाव नकाशा हे ऑनलाइन मिळतं, ते काढाच. शेतजमीन असेल तर विकत घेणारा शेतकरी लागतो, कूळकायदा कलम ६३, हे बहुतेकांना माहीत असतं. इतर हक्कात कूळ आहे का, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, सामायिकात किती नावं आहेत आणि त्यातली किती मुंबईत, किती वर गेली, हे सगळं कोकणात कुठेही बघावं लागतं, त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

किनाऱ्यासाठी खास गोष्ट ही की सातबाऱ्यावरचं क्षेत्र आज जागेवर आहे का ते बघा. कारण सातबारा समुद्राला विचारून अपडेट होत नाही. कागदावर ४० आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर) असतं, प्रत्यक्षात पुढचे पाच-सहा आर उधाणात गेलेले असतात, आणि विकणारा भाव ४० आरचाच लावतो. म्हणून भूमी अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी करून घ्या, खुणा रोवून घ्या, खासगी सर्व्हेअरच्या पीडीएफवर भागवू नका. आणि मोजणीला भरतीच्या वेळी स्वतः उभे राहा.

दुसरं काम: नकाशा, आणि तो कुठल्या सालचा

महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, सगळे एमसीझेडएमए म्हणतात, यांच्या वेबसाइटवर किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे आहेत. आधी आपल्या जिल्ह्याचा आराखडा २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर होऊन लागू झालाय का ते बघा, कारण नियम असा आहे की नवीन आराखडा मंजूर होईपर्यंत २०११ चंच चालू राहतं. एजंट २०१९ ची सूट सांगतो, ऑफिसात २०११ चा नकाशा उघडतात, आणि माणूस मधल्या मध्ये लटकतो. असा घोळ नेहमीचा आहे म्हणून ठळक सांगतोय.

नकाशे १:२५,००० स्केलचे असतात, त्यावर तुमचा प्लॉट म्हणजे जेमतेम एक ठिपका. गट नंबर दिसतील असे १:४,००० चे नकाशे वेगळे असतात, ते मागा. परवानगीच्या प्रकरणाला तर अधिकृत संस्थेकडून तुमच्या जागेच्या नकाशावर भरतीरेषा आणि सीआरझेडची हद्द आखून घ्यावी लागते. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग, गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), तिरुवनंतपुरमची एनसीईएसएस (राष्ट्रीय पृथ्वीविज्ञान अभ्यास केंद्र) अशा मोजक्या संस्था अधिकृत आहेत. खर्च येतो, पण प्लॉटच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि व्यवहार मोठा असेल तर हा खर्च साठेखताच्या आधी करा, नंतर करून काय फायदा.

भरतीरेषा म्हणजे काल पाणी जिथे आलं होतं ती ओल नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, उधाणाला, पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जिथपर्यंत पोचतं ती रेषा. मोबाईलवर मॅप उघडून लाटांपासून फूटपट्टी लावणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

तिसरं काम: झोन ओळखा

समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटर सीआरझेड. खाडीच्या, भरतीचं पाणी शिरणाऱ्या नदीच्या काठाला २०१९ प्रमाणे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते, आधी २०११ ला हे १०० मीटर होतं. या पट्ट्यात परत प्रकार.

सीआरझेड १अ म्हणजे कांदळवन, वाळूच्या टेकड्या, चिखलाचे जिवंत पट्टे, कासवं अंडी घालतात त्या जागा वगैरे. इथे खासगी बांधकामाचं स्वप्न बघूच नका. १ब म्हणजे भरती-ओहोटीच्या मधला पट्टा. सीआरझेड २ म्हणजे शहरी, आधीच भरपूर बांधलेला भाग, तिथे आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं. सीआरझेड ४ म्हणजे पाणीच.

कोकणातल्या बहुतेकांना लागतो तो सीआरझेड ३, ग्रामीण. त्याचे दोन भाग. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर ३अ, तिथे ना विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम न करण्याचा पट्टा, ५० मीटर. त्यापेक्षा कमी असेल तर ३ब, तिथे २०० मीटर. आता तुमच्या त्या शांत, निवांत, नारळी-पोफळीच्या गावात माणसांची एवढी दाटी असेल का ते तुम्हीच सांगा. "आता फक्त ५० मीटर सोडायचेत" हे ब्रोकरचं वाक्य त्यामुळे बहुतेक गावांत फसवं आहे. ३अ मध्येसुद्धा ते ५० मीटर आपोआप मिळत नाहीत, आराखडा तसा मंजूर झालेला लागतो.

चौथं काम: कागद-पेन्सिल घेऊन गणित

समजा प्लॉट ४० आर आहे, २० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब, कोकणातल्या वाड्या अशाच लांबुळक्या असतात. समुद्राकडची हद्द भरतीरेषेपासून ६० मीटरवर सुरू होते, मागची संपते २६० मीटरवर. गाव ३ब मध्ये. म्हणजे २०० मीटरपर्यंतचे १४० मीटर ना विकास क्षेत्रात गेले, २८ आर. उरले १२ आर, तेही मागचे, जिथून समुद्र झाडांमधून दिसला तर दिसला. आता जो भाव तुम्हाला सांगितलाय तो १२ आरवर भागून बघा. एवढं एक गणित केलं असतं तर किती लोकांची एफडी वाचली असती.

ना विकास क्षेत्रातले २८ आर अगदी फुकट जात नाहीत हेही सांगतो. शेती, बागायत, नारळ-सुपारी चालते. जिवंत कुंपण किंवा झाडोऱ्यासकट काटेरी तारेचं कुंपण चालू शकतं, फक्त लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडता कामा नये. बागायतीच्या हिशोबाने भाव द्या, बंगल्याच्या हिशोबाने नको.

आणि मागच्या १२ आरवर सुद्धा वाटेल ते नाही. सीआरझेड ३ मध्ये ना विकास क्षेत्राच्या पलीकडे घरं बांधायला नोटिफिकेशनची भाषा पारंपरिक हक्क आणि रूढ वापर यांच्या चौकटीत आहे, म्हणजे जुनी मच्छीमार गावं, गावठाणं, आणि उंची ९ मीटर, तळमजला अधिक एक. बाहेरून येऊन बांधायचा वीकेंड बंगला या चौकटीत कसा बसवणार हे प्राधिकरणाकडून लेखी घ्या, "सगळे बांधतायत की" हा पुरावा होत नाही. किहीमचा नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. पण मला त्याहून शिकण्यासारखं केरळमधलं मरडू वाटतं. तिथे स्थानिक पंचायतीने परवाने दिले होते, लोकांनी रीतसर फ्लॅट घेतले होते, राहत होते. किनारा प्राधिकरणाची संमतीच नव्हती. सुप्रीम कोर्टाने ८ मे २०१९ ला पाडायचा आदेश दिला आणि ११-१२ जानेवारी २०२० ला चार इमारत-संकुलं स्फोटकांनी खाली आणली. मालकांना अंतरिम म्हणून २५ लाख, फ्लॅट त्याच्या कितीतरी महाग. म्हणून एनए ऑर्डर आहे, ग्रामपंचायतीचा ठराव आहे, बँकेने लोन दिलंय, यातलं काहीही सीआरझेडची परवानगी नव्हे.

खाडीकाठची खार जमीन असेल तर हा भाग नीट वाचा

रायगडच्या खारेपाटात, आणि खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात खाड्यांच्या कडेने, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भातशेती आहे. बांधाची देखभाल झाली नाही, उधाणात खांड (भगदाड) पडली, खारं पाणी शेतात शिरलं की भात गेला आणि चार-पाच वर्षांत तिवरं (कांदळवनाची झाडं) उगवली. एकदा तिवरं नीट वाढली की विषय हाताबाहेर जातो. नियम असं म्हणतो की बांध किंवा उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीची असेल तर भरतीरेषा बांधावरच धरायची, हे शेतकऱ्याच्या बाजूचं. पण त्याच बांधाच्या आत खाऱ्या पाण्याने कांदळवन वाढलं असेल तर तेवढं क्षेत्र सीआरझेड १अ, लहान असो की मोठं. वरून मुंबई हायकोर्टाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे, कांदळवन तोडायला राज्यभर बंदी आणि त्याभोवती ५० मीटरमध्ये बांधकाम नाही, जमीन कुणाच्याही मालकीची असली तरी.

म्हणजे बांध सरकारी योजनेतला, फुटला तो दुरुस्त झाला नाही म्हणून, आणि शेत गेलं शेतकऱ्याचं. मला कांदळवन हवंच आहे, वादळात गाव तेच वाचवतं, पण हा भार एकट्या खातेदारावर टाकणं मला पटत नाही. तोपर्यंत करायचं काय? खांड पडली की त्याच आठवड्यात खारभूमी विकास विभागाला लेखी अर्ज, प्रत तहसीलदारांना, तारखेचे फोटो, पोच घ्यायचीच. तलाठ्याकडून, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, पंचनामा करून घ्या आणि पीकपाहणीत भाताची नोंद चुकू देऊ नका. पुढे कधी "इथे शेती होती" हे सिद्ध करायची वेळ आली तर हेच कागद कामाला येतात. आणि तुम्ही विकत घेणारे असाल तर तिवरं दिसणारी स्वस्त जमीन सरळ सोडून द्या, रात्रीत साफ करून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय.

गावातलं जुनं घर परत बांधायचं असेल

ना विकास क्षेत्रात काहीच होत नाही ही समजूत चुकीची आहे. आधीपासूनचं अधिकृत घर दुरुस्त किंवा पुन्हा बांधता येतं, अट एवढी की जोतं तेवढंच, एफएसआय (जागेच्या प्रमाणात बांधकाम) तेवढाच, घनता तीच. त्यामुळे सगळा खेळ "आधीपासूनचं" आणि "अधिकृत" या दोन शब्दांचा. १९९१ च्या आधीची घरपट्टीची पावती, नमुना ८ चा असेसमेंट उतारा, जुनं लाइटबिल, जोत्याची मापं लिहिलेला कुठलाही सरकारी कागद, सगळं एका फाइलीत. घर पाडायच्या आधी जोत्याचं माप घेऊन ग्रामपंचायतीकडून पंचनामा करा. हे फार महत्त्वाचं, कारण पाडल्यावर जोतं किती होतं ते कोण सांगणार, आणि शेजाऱ्याशी जमत नसेल तर तक्रार ठरलेलीच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगर भागात कितीतरी घरांची छपरं गेली, अशा वेळी ज्याच्याकडे कागद होते त्याचं काम सोपं.

स्वतः राहायच्या घराचं एकूण बांधकाम ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर २०१९ प्रमाणे एमसीझेडएमएच्या शिफारशीची गरज नाही, स्थानिक प्राधिकरण मंजुरी देऊ शकतं, मात्र त्यांनी सीआरझेडच्या नजरेने प्रकरण तपासलं पाहिजे. ही सूट खिडकीवरच्या माणसाला माहीत नसण्याची शक्यता धरून अधिसूचनेचा तो परिच्छेद प्रिंट काढून अर्जाला जोडा. होमस्टे करायचाय? स्थानिकांना जोतं, रचना, दर्शनी भाग न बदलता आहे त्या घरात करता येतो. मागे चार खोल्या काढल्या की तो होमस्टे राहिला नाही.

मोठं काम असेल, रिसॉर्ट वगैरे, तर अर्ज एमसीझेडएमएकडे, पर्यावरण परिणामाचा अहवाल, आपत्ती व्यवस्थापनाचा अहवाल, आखलेला नकाशा असं सगळं लागतं. त्याला सल्लागार धराच, इथे त्याचं वर्णन करत बसत नाही.

समुद्र खातोय, मी भिंत घालू का

चेन्नईच्या एनसीसीआरने (राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्र) १९९० ते २०१८ चा अभ्यास केला त्यात देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा धुपतोय असं निघालं. त्यामुळे हा प्रश्न येणारच. आपल्या पैशाने पुळणीवर जांभ्याचा गडगा किंवा काँक्रीटची भिंत घातली तर ती बहुतेक वेळा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात किंवा ना विकास क्षेत्रात येते, विनापरवाना घातली की उल्लंघन. वर भिंतीला आपटलेलं पाणी टोकाच्या पलीकडे शेजाऱ्याची वाडी जास्त खातं, मग गावात भांडण. धूप प्रतिबंधक बंधारा ही सरकारने करायची गोष्ट आहे, ग्रामसभेचा ठराव घेऊन महाराष्ट्र सागरी मंडळ आणि पतन विभागाकडे मागणी लावा. नुसता दगडी बंधारा मागू नका, सुरू-केवड्याची लागवड, वाळूची टेकडी राखणं हेही त्यात लिहा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी धूप रोखायला १,५०० कोटी आणि धुपीने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी सुचवले होते, नदी आणि समुद्र दोन्ही धरून, अर्जात याचा उल्लेख करायला हरकत नाही.

आणि धोका रेषा. भारतीय सर्वेक्षण विभागाने पूर, समुद्रपातळीतली वाढ, किनाऱ्याची हालचाल धरून ती आखलीय. २०११ ला ती नियमांचा भाग होती, २०१९ मध्ये काढून फक्त आपत्ती नियोजनासाठी ठेवली. म्हणजे तिच्या आत असलात तरी तेवढ्या कारणाने परवानगी अडत नाही. माझ्या मते २०१९ मधली ही सगळ्यात वाईट सूट आहे. सरकारने दुर्लक्ष केलं तरी तुम्ही करू नका, आराखड्याच्या नकाशात ती रेषा शोधा, प्लॉट तिच्या आत असेल तर २०० मीटरच्या पलीकडे असूनही घेऊ नका, निदान जोतं उंच धरा आणि विहीर, सेप्टिक टँक जमेल तितकं मागे न्या.

नोटीस आली तर

घाबरून एजंटकडे धावू नका आणि ड्रॉवरमध्ये तर मुळीच टाकू नका. कोणी पाठवलीय, कुठल्या कलमाखाली, किती दिवसांत उत्तर मागितलंय एवढं आधी बघा. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर, त्यासोबत १९९१ पूर्वीचे पुरावे, मोजणी नकाशा, आणि जागा पाहणीची मागणी, स्वतः हजर राहून. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या उल्लंघनाला १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड आहे, पाडकामाचा आदेश त्याशिवाय येऊ शकतो. पर्यावरण कायद्याखालच्या आदेशावर पुण्याच्या हरित लवादात ३० दिवसांत अपील करता येतं, योग्य कारण असेल तर लवाद अजून जास्तीत जास्त ६० दिवस देऊ शकतो, त्यानंतर दार बंद. वकील बघताना हरित लवादात उभं राहण्याची सवय असलेलाच बघा, आणि काम तिथल्या तिथे थांबवा, एक वीटही नको, कारण पुढच्या पाहणीचा फोटो आधीच्या फोटोशेजारी ठेवूनच बघतात.